थायरॉइडची गाठ तपासायला देताना: सुई, बरणी आणि अहवाल

तीन उन्हाळ्यांपूर्वी, मे महिन्यातल्या दुपारी दोनच्या सुमाराला, रामबागेतले एक काका आमच्या लॅबच्या काउंटरवर आले. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची प्लास्टिकची बाटली आणि बाटलीत काकूंच्या गळ्यातून सकाळी काढलेली थायरॉइडची अर्धी ग्रंथी.

"काका, हे कशात ठेवलंय?"

"सलाइनमध्ये. साधं पाणी नाही हो, सलाइनच आहे."

ऑपरेशन साडेनऊला संपलं होतं. मधले साडेचार तास काका आधी औषधांच्या दुकानात, मग बिलाच्या खिडकीवर आणि मग काकूंना खोलीत आणेपर्यंत दाराशी उभे होते. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ग्रंथीचा मोठा भाग साधा गलगंड होता, तेवढं ओळखता आलं. पण एका कोपऱ्यात आठ मिलिमीटरचा पांढुरका ठिपका होता. तो कॅन्सर आहे की नाही हे पेशींच्या केंद्रकांवरून ठरतं, आणि नेमकी तीच कुजून पुसट झाली होती. अहवालात "निश्चित सांगता येत नाही" असं लिहावं लागलं. काकू अजूनही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घेतात.

मी इंदूरमध्ये पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करते. थायरॉइडच्या नमुन्यांत ज्या चुका मी बघते, त्यातल्या बऱ्याचशा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली येण्याआधीच झालेल्या असतात, आणि त्यातल्या कितीतरी घरच्या माणसांना टाळता येण्यासारख्या असतात. आपल्याकडे खासगी दवाखान्यांतून बरणी बहुधा नातेवाइकांच्याच हातात देतात, म्हणून हे नातेवाइकांसाठी लिहिते आहे. औषध किती घ्यायचं, ऑपरेशन करायचं की नाही, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. गाठ लक्षात आल्यापासून अहवाल फाइलला लागेपर्यंत नमुन्याचं काय करायचं, एवढंच इथे आहे.

## पायरी १: सुईच्या आधी कागद जमवा

गळ्याला गाठ लागली की लोक थेट "सुई लावून घेऊ", म्हणजे सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासून घेऊ, म्हणत येतात. आधी दोन गोष्टी हातात हव्यात: टीएसएचचा (थायरॉइड कमी काम करते की जास्त, हे सांगणाऱ्या रक्तचाचणीचा) ताजा अहवाल आणि गळ्याची सोनोग्राफी.

टीएसएच फार कमी असेल, तर गाठ स्वतःच जास्तीचं हार्मोन तयार करत असू शकते. अशा वेळी डॉक्टर आधी थायरॉइड स्कॅन सांगतात, कारण असं हार्मोन बनवणाऱ्या गाठी क्वचितच कॅन्सरच्या निघतात आणि सुईखाली मात्र संशयास्पद दिसू शकतात. सोनोग्राफीच्या अहवालात 'टायरॅड्स' हा शब्द आणि पुढे गाठ किती संशयास्पद दिसते ते सांगणारा १ ते ५ मधला आकडा असतो. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी पद्धतीनुसार ५ क्रमांकाची गाठ १ सेंटिमीटर झाली की सुई, ४ ची दीड सेंटिमीटरला आणि ३ ची अडीच सेंटिमीटरला. १ आणि २ ला सुई लागत नाही. म्हणजे दिसली गाठ की टोचली, असं नसतं. सात मिलिमीटरच्या निरुपद्रवी गाठीसाठी हट्ट धरून सुई लावून घेणारे आणि मग अर्धवट अहवालाने महिनाभर न झोपणारे लोक मी पाहिले आहेत.

मग एका साध्या कागदावर हे लिहून काढा:

- थायरॉइडची कोणती गोळी, कधीपासून चालू आहे. विशेषतः कार्बिमॅझोल, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन कमी करणारी गोळी.
- पूर्वी कधी रेडिओआयोडीन (थायरॉइडसाठी देतात ते किरणोत्सारी आयोडीन) घेतलं होतं का.
- लहानपणी मानेला किंवा छातीला रेडिएशन दिलं होतं का.
- घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता का.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का.
- आधी सुई लावली असेल तर तो अहवाल, आणि शक्य असेल तर पेशी पसरवलेल्या त्या काचपट्ट्यासुद्धा.

पहिल्या दोन ओळी लोक हमखास गाळतात. कार्बिमॅझोल आणि रेडिओआयोडीन या दोन्हींमुळे थायरॉइडच्या साध्या पेशी मोठ्या, काळ्या, वेड्यावाकड्या दिसू लागतात. आम्हाला माहीत नसेल तर त्या कॅन्सरच्या वाटू शकतात.

सावधान: रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी ती सुरू केली त्या डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा ती चालू असतानाच सुईची तपासणी करता येते.

## पायरी २: सुईची तपासणी

हिला एफएनएसी म्हणतात. सुई रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक असते, भूल बहुधा लागत नाही, उपाशीपोटी यायचीही गरज नसते. उशी मानेखाली ठेवून मान मागे झुकवतात. सुई आत असताना गिळू नका, बोलू नका, खोकला येतोय असं वाटलं तर आधीच हात वर करा. गिळलं की थायरॉइड वर सरकते आणि सुई गाठीतून निसटते.

गाठ लहान असेल, खोल असेल किंवा अर्धी पाण्याने भरलेली असेल, तर सोनोग्राफीत बघूनच सुई लावून घ्या. नुसत्या हाताच्या अंदाजाने टोचलं की पाणी येतं, गाठीच्या घट्ट भागातल्या पेशी येत नाहीत. एकाच गाठीत दोन-चार वेळा सुई घालावी लागते. "एकदाच करा हो" असा आग्रह धरू नका. नमुना पुरेसा ठरायला काचेवर थायरॉइडच्या पेशींचे किमान सहा पुंजके लागतात आणि प्रत्येक पुंजक्यात किमान दहा पेशी. एका टोचणीत तेवढं मिळेलच असं नाही.

झाल्यावर पाच-दहा मिनिटं बोटाने घट्ट दाबून बसा. थोडी सूज आणि निळसर डाग चालतो. सूज वाढत गेली किंवा श्वास अडल्यासारखा वाटला तर लगेच परत या.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं सांगणारी एक आत्या प्रत्येक घरात असते. थायरॉइडच्या बारीक सुईने असं होणं अत्यंत दुर्मीळ आहे. त्या भीतीपोटी तपासणी वर्षभर टाळण्याने होणारं नुकसान मात्र मी पुन्हा पुन्हा पाहते.

निघण्याआधी तपासा: काचपट्ट्यांवर नाव आणि गाठीची बाजू, उजवी की डावी, लिहिली आहे ना? दोन गाठींना सुई लावली असेल तर दोन्हींच्या पट्ट्यांवर वेगळ्या खुणा आहेत ना?

## पायरी ३: सुईचा अहवाल वाचताना आकडा चुकवू नका

अहवालाच्या तळाशी 'बेथेस्डा' आणि पुढे एक ते सहामधला रोमन आकडा असतो. इथे सगळ्यात मोठी गफलत होते. हा आकडा म्हणजे कॅन्सरची स्टेज नाही. बेथेस्डा ४ वाचून "आईला चौथ्या स्टेजचा कॅन्सर आहे" असं समजून रडत आलेला मुलगा मला आठवतो. त्याच्या आईच्या गाठीत शेवटी साधा अॅडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, निघाला.

आकड्यांचा अर्थ असा. कंसातली टक्केवारी २०२३ च्या आवृत्तीतली, प्रौढ रुग्णांसाठीची सरासरी आहे. पुढे तपासणी केली तर कॅन्सर निघण्याची शक्यता ती सांगते.

१. नमुना अपुरा (१३ टक्के). याचा अर्थ 'नॉर्मल' असा होत नाही. काहीच कळलं नाही, असा होतो. पुन्हा सुई लागते.

२. साधी गाठ (४ टक्के). बहुतेक अहवाल याच गटात पडतात: कोलॉइडने, म्हणजे थायरॉइडमधल्या चिकट द्रवाने, भरलेला गलगंड किंवा हाशिमोटोची सूज, जी शरीराच्याच संरक्षक पेशींमुळे येते.

३. पेशी थोड्या वेगळ्या, पण अर्थ ठरवता येत नाही (२२ टक्के). पुन्हा सुई, जनुकीय चाचणी किंवा डॉक्टरांच्या देखरेखीत वाट पाहणं.

४. फॉलिक्युलर गाठ (३० टक्के).

५. कॅन्सरचा दाट संशय (७४ टक्के).

६. कॅन्सर (९७ टक्के).

चौथ्या गटाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण "एवढी तपासणी केली आणि तुम्हाला सांगताच येत नाही?" हा प्रश्न तिथेच येतो. फॉलिक्युलर अॅडिनोमा आणि फॉलिक्युलर कॅन्सर यांच्या पेशी दिसायला सारख्याच असतात. फरक एवढाच की कॅन्सरच्या पेशी गाठीभोवतीचं कवच फोडून बाहेर पडतात किंवा रक्तवाहिनीत शिरतात. सुईने पेशी हाती येतात, कवच येत नाही. पेरूची साल कुठे किडकी आहे हे आतला चमचाभर गर काढून कळत नाही, तसंच हे. म्हणून चौथ्या गटात सहसा ग्रंथीची ती बाजू काढून अख्खी तपासावी लागते. जनुकीय चाचणीची सोय असेल तर काही वेळा आधी तीही करतात.

## पायरी ४: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बरणी ठरवा

ही पायरी कुठेच लिहिलेली नसते, आणि सगळ्यात जास्त नमुने इथेच बिघडतात.

ग्रंथी शरीरातून बाहेर आली की तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि पेशी स्वतःच्याच रसांनी विरघळू लागतात. ते थांबवायला १० टक्के बफर्ड फॉर्मेलिन लागतं. सलाइन, स्पिरिट, डेटॉल, बर्फ किंवा नळाचं पाणी, यातलं काहीही त्याच्या जागी चालत नाही. आदल्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरना किंवा ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) माणसांना सरळ विचारा: "बायोप्सीसाठी फॉर्मेलिन आणि बरणी तुमच्याकडे आहे की लॅबमधून आणू?" हा प्रश्न विचारल्याने कुणी रागावत नाही. बहुतेक लॅब बरणी भरून देतात.

बरणी कशी हवी?

तोंड रुंद. ताजी ग्रंथी मऊ असते, अरुंद गळ्याच्या बाटलीतही दाबून घालता येते. फॉर्मेलिनमध्ये ती घट्ट होते आणि मग बाहेर येत नाही. कितीदा आम्ही बाटली कापून ग्रंथी काढली आहे. दाबली गेलेली ग्रंथी कायमची वाकडी होते, तिची बाजू ओळखता येत नाही आणि कवचाला चिरा पडतात. चिरलेलं कवच बघून कॅन्सरने फोडलं की बाटलीने, हे ठरवताना आमचा घाम निघतो.

फॉर्मेलिन भरपूर. ग्रंथीच्या आकाराच्या दहापट. नुसतं भिजेल इतकं पुरत नाही. फॉर्मेलिन तासाला जेमतेम एखादा मिलिमीटर आत शिरतं. लिंबाएवढ्या गाठीच्या मध्यापर्यंत पोचायला त्याला जवळजवळ दिवस लागतो.

चिकटपट्टी बरणीच्या अंगावर, झाकणावर नको. झाकणं काढतात, बदलतात. चिकटपट्टीवर पूर्ण नाव, वय, नोंदणी क्रमांक, तारीख, नमुना कोणता आणि कुठल्या बाजूचा, आणि फॉर्मेलिनमध्ये ठेवल्याची वेळ. लिहायला पेन्सिल किंवा न पुसणारं पेन. शाईचं पेन फॉर्मेलिनच्या एका थेंबाने पसरतं.

वेगवेगळ्या भागांना वेगवेगळ्या बरण्या. उजवी बाजू, डावी बाजू आणि मानेतल्या लसिका-गाठी (लिम्फ नोड) एकत्र आल्या तर कुठल्या बाजूला काय होतं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. पूर्ण ग्रंथी एकसंध काढली असेल तर सर्जन एका टोकाला दोरा बांधतात. तो दोरा सोडू नका. त्यावरूनच आम्हाला वर-खाली कळतं.

सावधान: फॉर्मेलिन पाण्यासारखंच दिसतं. ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. वासाने डोळे-नाक चुरचुरतं, ते विषारी आहे आणि दीर्घ संपर्कात कॅन्सरकारकही. झाकण उघडून "बघू तरी" म्हणणाऱ्यांना थांबवा. गाठ घरच्यांना दाखवायची म्हणून कापूनही बघू नका. मधोमध कापलेली गाठ मिटते, उलटते, आणि कवच तपासायची जागा हातातून जाते.

एक अपवाद लक्षात असू द्या. ऑपरेशन चालू असतानाच तातडीची तपासणी, म्हणजे फ्रोझन सेक्शन, ठरली असेल तर तो तुकडा फॉर्मेलिनशिवाय ताजाच जातो, आणि तोही ओटीतून थेट. तो निर्णय सर्जन आणि लॅबचा असतो. शिवाय फॉलिक्युलर गाठीत फ्रोझनचा उपयोग मर्यादितच, कारण तासाभरात अख्खं कवच बघून होत नाही.

## पायरी ५: बरणी लॅबपर्यंत

बरणी हातात आली की बाकीची कामं नंतर. बिल, औषधं, चहा, सगळं नंतर. फॉर्मेलिनमध्ये नीट बुडालेला नमुना काही तास थांबू शकतो, पण तो उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत नको आणि फ्रीजमध्येही नको. फ्रीजरमध्ये तर मुळीच नको. पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फुटतात. खंडवा, बऱ्हाणपूरकडून इंदुरात नमुना आणणाऱ्यांनी झाकणावर टेप गुंडाळून बरणी जाड पिशवीत उभी ठेवावी. चार-पाच तासांच्या बसमध्ये आडवी झालेली बरणी गळते आणि ग्रंथी कोरडी पडते.

सुईच्या काचपट्ट्या आणि फॉर्मेलिनची बरणी एकाच पिशवीत ठेवू नका. फॉर्मेलिनच्या वाफेनेसुद्धा न रंगवलेल्या पट्ट्या खराब होतात, मग त्यांना रंग नीट चढत नाही. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

सोबत सर्जनने भरलेला फॉर्म हवा. त्यावर "थायरॉइड, बायोप्सी" एवढंच लिहिलं असेल तर तो परत द्या आणि पूर्ण भरून मागा: कोणती शस्त्रक्रिया केली, कोणत्या बाजूची, सोनोग्राफीत काय दिसलं, सुईचा अहवाल काय होता. पहिल्या पायरीतला तुमचा कागदही जोडा.

आणि नाव! आपल्या मराठी घरांत हा घोळ कायम होतो. आधार कार्डावर माहेरचं नाव, सुई लावली तेव्हा नवऱ्याच्या नावासकट लिहिलेलं सासरचं, दवाखान्यात घाईत लिहिलेलं नुसतं 'सौ. जोशी'. आमच्या संगणकाला त्या तीन वेगळ्या बायका वाटतात. जुना सुईचा अहवाल नव्या नमुन्याशी जुळत नाही, आणि एकाच आठवड्यात दोन 'सौ. जोशी' आल्या तर धोका केवढा, ते सांगायला नको. पहिल्या सोनोग्राफीपासून शेवटपर्यंत एकच नाव, एकाच पद्धतीने लिहा.

तपासा: लॅबची पावती आणि नमुन्याचा क्रमांक मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका.

## पायरी ६: लॅबमध्ये काय चालतं, आणि वेळ का लागतो

"संध्याकाळपर्यंत मिळेल ना?" मिळत नाही. आधी ग्रंथी वजन करून, तिन्ही बाजूंनी मोजून, बाहेरून शाईने रंगवतात, म्हणजे काठ कुठला ते काचेवरही कळतं. मग पावाच्या स्लाइससारखे काही मिलिमीटर जाडीचे काप. नमुना ताजा आला असेल तर हे काप पुन्हा रात्रभर फॉर्मेलिनमध्ये राहतात.

काप पाडताना हाताला आणि डोळ्यालाच निम्मं कळतं. कोलॉइडचा गलगंड कापला की आतून तपकिरी, मधासारखा चिकट, चमकदार द्रव दिसतो, मध्येच जुन्या रक्ताचे डाग आणि चुन्यासारखे कडक खडे. आमच्याकडे येणाऱ्या ऑपरेशनच्या थायरॉइडमध्ये साध्या आजारांत हाच जास्त, आणि तोही बायकांमध्ये. हाशिमोटोची ग्रंथी फिकट, मांसल, रबरासारखी असते. तिच्यावर शरीराच्याच लिम्फोसाइट पेशींनी हल्ला केलेला असतो. फॉलिक्युलर गाठ पाहिली की ओळखू येते: गोल, कवचात बंद, कापल्याबरोबर फुगून वर येणारी. आणि पॅपिलरी कॅन्सर. थायरॉइडच्या दर दहा कॅन्सरांत साधारण आठ हा असतो. तो पांढुरका, कडांना ओढल्यासारखा असतो, आणि सुरी फिरवताना वाळूवर फिरल्यासारखी करकर लागते. ती करकर एकदा हाताला कळली की विसरत नाही.

कवचाच्या गाठीतून एक-दोन तुकडे घेऊन भागत नाही. शक्यतो सगळं कवच घ्यावं लागतं, म्हणजे कधी कधी वीसेक तुकडे. मोठ्या गलगंडातही प्रत्येक वेगळी दिसणारी जागा तपासावी लागते. हे तुकडे रात्रभर अल्कोहोल आणि झायलीनमधून जाऊन मेणात बसतात, मेणाच्या ठोकळ्यातून तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे निघतात, रंगतात आणि मग आमच्यासमोर येतात. चुन्याचे खडे असतील तर ते आधी आम्लात मऊ करावे लागतात, आणखी एक-दोन दिवस. संशय राहिला तर विशेष रंग किंवा इम्युनो चाचणी, म्हणजे आणखी काही दिवस. मेड्युलरी कॅन्सरमध्ये, म्हणजे थायरॉइडच्या कधी कधी आनुवंशिक असणाऱ्या एका वेगळ्या प्रकारात, कॅल्सिटोनिनच्या (त्या पेशी बनवतात त्या हार्मोनच्या) रंगाशिवाय अहवाल देऊ नये असं माझं ठाम मत आहे, कारण त्या एका शब्दावर घरातल्या मुलांची तपासणी अवलंबून असते.

रोज फोन करून घाई करू नका. चौकशी करायचीच असेल तर एकच प्रश्न कामाचा: "नमुन्यावर जास्तीचे रंग किंवा जास्तीचे तुकडे मागवले आहेत का?"

## पायरी ७: बायोप्सीचा अहवाल या क्रमाने वाचा

लोक थेट शेवटची ओळ वाचतात. आधी वर बघा: नाव, वय, बाजू, नमुना क्रमांक. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं असेल आणि अहवालात 'उजवी' असेल, तर त्याच क्षणी लॅबला फोन.

मग निदान. गलगंड, हाशिमोटो, अॅडिनोमा हे साधे आजार. २०२२ पासून गलगंडासाठी काही लॅब 'फॉलिक्युलर नोड्युलर डिसीज' असं लिहितात. 'डिसीज' वाचून घाबरू नका, तो तोच आजार आहे. 'एनआयएफटीपी' असं लिहिलं असेल तर तो २०१६ मध्ये कॅन्सरच्या यादीतून बाहेर काढलेला प्रकार आहे. पाहणी लागते, पण त्याला कॅन्सर म्हणत नाहीत.

गलगंडासाठी केलेल्या ऑपरेशनमध्ये कधी कधी १ सेंटिमीटरपर्यंतचा पॅपिलरी कॅन्सर अचानक सापडतो. त्याला मायक्रोकार्सिनोमा म्हणतात. बहुतेकदा जे काढलं तेवढंच पुरतं, तरी सर्जनला भेटल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

कॅन्सर असेल तर पुढच्या गोष्टी अहवालात आहेत का ते पाहा. नसतील तर मागा:

- गाठीचा आकार आणि संख्या.
- कॅन्सरने कवच फोडलं आहे का, तो रक्तवाहिन्यांत शिरला आहे का, आणि किती ठिकाणी.
- गाठ ग्रंथीच्या बाहेर, स्नायूंत गेली आहे का.
- काठावर, म्हणजे शाईपर्यंत, कॅन्सर आहे का.
- किती लसिका-गाठी मिळाल्या आणि किती बाधित निघाल्या.
- पॅराथायरॉइड ग्रंथी चुकून सोबत आली आहे का.

शेवटचा मुद्दा बिनमहत्त्वाचा वाटतो, पण ती छोटी ग्रंथी शरीरातलं कॅल्शियम सांभाळते. ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

स्टेज अहवालातल्या 'टी' (गाठीचा आकार आणि पसारा) आणि 'एन' (बाधित लसिका-गाठी) वरून, आणि कॅन्सर शरीरात दुसरीकडे पोचला आहे का यावरून, डॉक्टर ठरवतात. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरमध्ये वयालाही महत्त्व आहे. ५५ वर्षांच्या आतल्या रुग्णाची स्टेज पहिली किंवा दुसरीच असते, लसिका-गाठी बाधित असल्या तरी. म्हणून इंटरनेटवर इतर कॅन्सरच्या स्टेज वाचून त्या इथे लावू नका.

सावधान: अहवालात 'मेड्युलरी' हा शब्द असेल तर तो इतर प्रकारांसारखा नाही. साधारण चारांतल्या एका रुग्णात तो आनुवंशिक असतो. आरईटी जनुकाची तपासणी रुग्णाची करून घ्या, आणि दोष निघाला तर सख्खी भावंडं आणि मुलं यांचीही. 'अॅनाप्लास्टिक' (फार वेगाने वाढणारा प्रकार) हा शब्द असेल, किंवा वयस्कर माणसाच्या गळ्यातली गाठ आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

## पायरी ८: मुंबईला दुसरं मत घ्यायचं असेल तर

इंदूरहून अनेक घरं टाटा मेमोरियलला जातात. अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट काढण्याआधी लॅबमध्ये लेखी अर्ज द्या आणि तीन गोष्टी मागा: सगळ्या रंगवलेल्या काचपट्ट्या, मेणाचे ब्लॉक, आणि डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन असलेला पूर्ण अहवाल. नुसता अहवालाचा कागद नेला तर तिथले डॉक्टर दुसरं मत देणार कशावर? त्यांना पट्ट्या बघाव्या लागतात, आणि नवीन रंग करायचे तर ब्लॉक लागतात. सुईच्या तपासणीच्या पट्ट्याही विसरू नका. त्या बऱ्याचदा दुसऱ्याच लॅबमध्ये असतात.

घेताना प्रत्येक ब्लॉकवरचा क्रमांक पावतीशी जुळवून बघा. पट्ट्या प्लास्टिकच्या स्लाइड-पेटीत ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. ब्लॉक झिपच्या पिशवीत, हँडबॅगेत, सावलीत. ते मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथपर्यंत सहज पोचतो. एका कुटुंबाने ब्लॉक गाडीत ठेवून सराफ्याच्या खाऊगल्लीत जेवायला जाण्याआधी दुपारभर खरेदी केली. परत आले तेव्हा चार ब्लॉक एकमेकांना चिकटले होते आणि दोन तुकडे कुठल्या क्रमांकाचे ते कळेना.

एकापेक्षा जास्त ब्लॉक असतील तर विचारा, सगळेच न्यायचे की गाठीचे निवडक. सगळे नेले आणि प्रवासात गेले तर मागे काहीच उरत नाही. मुंबईहून परत आल्यावर ब्लॉक घरच्या कपाटात ठेवू नका. ज्या लॅबमधून घेतले तिथेच त्याच क्रमांकांनी जमा करा, पावती घ्या आणि ती मूळ अहवालाला टाचा. पाच-सात वर्षांनी मानेत नवीन गाठ आली, तर ती जुनीच परतली की दुसरी, हे त्या ब्लॉकशी ताडूनच सांगता येतं.